व्हिज्युअलची हवा

पाऊस गेला की पनवेलला काही दिवस अशी हवा पडते, की प्रबळगड कुणीतरी उचलून आमच्या गच्चीच्या कठड्यापाशी आणून ठेवलाय असं वाटतं. कर्नाळ्याचा सुळका, माथेरानची लांबलचक धार, खाडीपलीकडच्या इमारती, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. लोक गच्चीवर जाऊन फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात, खाली 'आपलं पनवेल' असं लिहितात. मला ती हवा सहन होत नाही. स्पष्टच सांगते, ऑक्टोबरातल्या त्या दिवसांत माझ्याशी कुणी फार बोलू नये, मी खेकसते. ट्यूशनच्या पोरांना हे माहीत आहे. ती त्या दिवसांत गृहपाठ वेळेवर करून आणतात.

दादा तिला 'व्हिज्युअलची हवा' म्हणायचा. सकाळी ब्रश तोंडात धरून गच्चीत जायचा आणि वरूनच ओरडायचा, "सुमे, वर ये, काय व्हिज्युअल हवा आहे बघ." मी कणीक मळत असायची. "हवा बघायची असते का? ती खायची असते," असं म्हणायची आणि तरी हात पुसत जायची.

यंदा त्यात उलव्याच्या टेकडीची भर आहे. विमानतळासाठी ती सुरुंग लावून फोडताहेत. आमच्यापर्यंत नुसता दबका आवाज येतो आणि कपाटातल्या कपबश्या जराशा किणकिणतात. बाजारात सगळे खूश आहेत. जागेचे भाव वाढणार, पोरांना नोकऱ्या लागणार. भाजीवाली म्हणते, "ताय, आता इमानं आपल्या डोक्यावरनं जानार." मी म्हणते, "बरं, मेथी कशी दिली?"

विमान उतरवायच्या दोन तऱ्हा असतात, हे मला दादामुळे कळलं. एक यंत्राची. धावपट्टीकडून एक न दिसणारी लहर येते, समोरच्या यंत्रातला काटा ती पकडतो, आणि त्या काट्यावर नजर ठेवून ढगांतून, धुक्यातून खाली यायचं. दुसरी डोळ्यांची, तीच व्हिज्युअल. हवा स्वच्छ असली आणि खाली गर्दीचं शहर असलं, की टॉवरमधला माणूस विचारतो, धावपट्टी दिसते का, पुढचं विमान दिसतं का. दिसतं म्हटलं की तो म्हणतो, मग या आपापले. गर्दीच्या शहरांना हे सोयीचं पडतं, विमानं एकामागे एक पटापट उतरतात. कुठे नदीच्या वळणावळणाने यायचं, कुठे घरांच्या छपरांवर लावलेल्या दिव्यांच्या ओळीवरून, कुठे पुलापाशी वळायचं. दादा म्हणायचा, "यंत्रावरून उतरणं म्हणजे एक्स्प्रेसवेने जाणं. आणि हे म्हणजे संध्याकाळी सहाला आपल्या बाजारपेठेतून स्कूटर काढणं." त्याला बाजारपेठ आवडायची.

तो परदेशात जाऊन वैमानिक होऊन आला होता. आगरी घरातला पोर, मूळचा कोन गावचा, आणि वैमानिक. आला तेव्हा मामाने गावात बँड लावला होता, दादा लाजेने गाडीतून उतरेना. पण तो परत आला आणि सगळीकडे मंदी आली. कंपन्यांनी भरती बंद केली. ज्यांना घेतलं होतं त्यांनाच घरी बसवत होते, नव्याला कोण विचारतो. बाबा जाण्याआधी आमच्यासाठी ठेवून गेलेला प्लॉट त्या शिक्षणात गेला. त्याचं रडगाणं मी इथे लावणार नाही, आमच्या घरात कुणीच कधी लावलं नाही. कधीतरी लावलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागायचो आणि त्या शहाणपणाचाच दादाला जास्त त्रास व्हायचा.

गावाने त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. दूध आणायला गेला तरी, "काय कॅप्टन, आज विमान कुठे लावलं?" चिडवणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं म्हणतात. तसं असेल बाबा. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हळूहळू दूध मी आणायला लागले, मग भाजी, मग त्याचे केस कापायला न्हाव्यालाच घरी बोलवायला लागलो.

आणि मग त्या पावसाळ्यात एक दुपार. गाढी नदीला पूर आला होता. मामा स्कूटरवरून येत होता, त्याने दादाला पुलावर बघितलं. छत्री नाही, काही नाही, कठड्याला पोट लावून उभा. मामा फक्त "बस मागं" म्हणाला आणि घरी घेऊन आला. आईने टॉवेल दिला. मी विचारलं, "काय करत होतास तिथे?"

"पाणी बघत होतो," तो म्हणाला.

रात्रीची भांडी घासताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता त्याला एकट्याला सोडू नको. आपन दोघी हाव, एकीनं घरात रायचंच." मी हो म्हटलं. आमच्यात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. त्यानंतर मी कामोठ्याच्या क्लासची सकाळची बॅच सोडली, आई कीर्तनाला जायची बंद झाली, आणि आम्ही दोघी बँकेतल्या वॉचमनसारख्या पाळीपाळीने घरात राहू लागलो. दादाला हे कळत नव्हतं असं नाही. मी बाहेर निघाले आणि आई अजून आली नसली तर तोच म्हणायचा, "थांब ना पाच मिनिटं, आई येऊ दे." हसत म्हणायचा.

पितृपक्ष सुरू होता तेव्हा एका कंपनीचं बोलावणं आलं. थोड्याच जागा, खूप मुलं, आणि दसऱ्यानंतर मुंबईत चाचणी. मोठ्या विमानाचा अख्खा कॉकपिट एका खोलीत बसवलेला असतो, खालून हलतो, खिडक्यांतून खरं वाटेल असं आकाश दिसतं. त्यात बसवून बघतात. दादाने किती दिवसांत विमानाला हात लावला नव्हता. विमान उडवायचा सराव करायचा तर त्यालाही तासाला पैसे लागतात आणि आमच्याकडे आता तसं काही उरलं नव्हतं. मग त्याने घरच्या कॉम्प्युटरवर, विमान उडवायच्या खेळात सराव करायचं ठरवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमची काडी म्हणजे तो जाड पाठीचा मॉनिटर.

शेजारच्या रशीदचाचांनी जॉयस्टिक दिली, कॉम्प्युटरवरचं विमान चालवायचा दांडा. चाचांचं आयुष्य कुवेतला गेलं, नातवंडांसाठी आणलेल्या वस्तूंनी त्यांचं कपाट भरलेलं होतं आणि नातवंडं तिकडेच राहिली. "ले बेटा," म्हणाले, "आमच्या घरात ह्याला हात लावायला कोणाला फुरसत नाही. तू चालव. इन्शाअल्ला काम होणार." दादाने ती इस्त्रीच्या टेबलाला दोरीने घट्ट बांधली. त्या जॉयस्टिकच्या डोक्यावर अंगठ्याखाली एक छोटी टोपी होती. ती उजवीकडे ढकलली की पडद्यावर उजवी खिडकी दिसायची, डावीकडे ढकलली की डावी, सोडली की पुन्हा समोरचं. पडदा एकच, मग मान कुठे वळवणार? चाचणीत को-पायलटच्या उजव्या खुर्चीत बसवणार म्हणून दादा उजवीकडे वळून उतरायचे अप्रोच शोधून शोधून करायचा. वॉशिंग्टनला नदी धरून यायचं आणि अगदी शेवटी उजवीकडे वळायचं. न्यूयॉर्कला दिव्यांच्या ओळीवरून उजवीकडे. सारखी टोपी ढकलायची, धावपट्टी बघायची, सोडायची, पुन्हा ढकलायची. त्याचा अंगठा जेवतानाही हलायचा. भाताचा घास हातात आणि अंगठा उजवीकडे.

माझं काम उंची आणि वेग वाचायचं. मोठ्या विमानात ते दुसरा वैमानिक बघतो, इथे मी. गणिताच्या ट्यूशन घेते, त्यामुळे आवाज मुळातच खणखणीत. "हजार. नऊशे. वेग जास्त आहे. अरे, वेग जास्त आहे म्हणते ना." दादा म्हणायचा, "अगं, को-पायलट आहेस, हेडमास्तर नाहीस." आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आता मिक्सर लावू का? का खाली यायचा हाय अजून?" मिक्सर लावला की व्होल्टेज पडायचं आणि मॉनिटर थरथरायचा. तेव्हा चटणीसाठी आमच्या घरात सगळे विमान उतरायची वाट बघायचे. लोडशेडिंगचं तर विचारूच नका. लाईट गेली की यूपीएस टीं टीं करायला लागायचा आणि तो बंद पडायच्या आत दादाला धावपट्टी गाठायची असायची. मी उंची वाचतेय, यूपीएस किंचाळतोय, आई हातात पंखा घेऊन दादाला वारा घालतेय, आणि दादा घामाने निथळत वॉशिंग्टनच्या नदीवरून वळतोय. टेकली चाकं की आम्ही तिघंही श्वास सोडायचो. आणि मग पडदा काळा.

खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. वाईट नव्हते म्हणूनच ते मला छळतात. संध्याकाळी भातखाचरांचा वास यायचा, कापणी सुरू झालेली असायची, ऊन उतरता उतरत नसे, आणि दादा बोलायचा. पुलावरून आणल्यापासून जो माणूस दिवसाला दोन वाक्यं बोलत होता तो मला सांगायचा की नदी कशी वाचायची, सावल्यांवरून उंची कशी ओळखायची. एकदा तो आईला म्हणाला, "नोकरी लागली की पहिल्यांदा तुला नेतो." आई म्हणाली, "मना काय करायचंय तिथं, तुमच्या इमानात तांब्या नेऊ देत नाय म्हनं." पण तिने ते दहा जणांना सांगितलं. मी ऐकलं, ती नळावर सांगत होती.

खंडेनवमीला आईने घरातली सगळी हत्यारं पुजली. विळी, कोयता, पाटा-वरवंटा, बाबांची जुनी करवत, माझा खडूंचा डबा. आणि जॉयस्टिक. तिला झेंडूची माळ घातली आणि कुंकवाचं बोट नेमकं त्या टोपीवर टेकवलं, कारण सगळ्यात वर तीच होती. कुंकू फटीत गेलं. दादा वैतागला, कापसाने पुसत बसला, पण रागावला नाही. म्हणाला, "आई, आता हिच्यात देव शिरला." आम्ही हसलो. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की होणार. मलाही. मी नास्तिक बाई, पण मीही त्या टोपीला नमस्कार केला होता.

चाचणीच्या दिवशी ती हवा होती. प्रबळगड कठड्याशी. दादाने पांढरा शर्ट घातला, आईने हातावर दही ठेवलं, मी फाटकापर्यंत गेले. काय बोलायचं सुचेना, म्हणून म्हटलं, "वेगावर लक्ष ठेव." तो म्हणाला, "येस मॅडम." आणि गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा त्याने चपला नीट रॅकमध्ये ठेवल्या. त्यावरून मला कळलं. जिंकून आलेला माणूस चपला कशाही भिरकावतो. आईने विचारलं, "काय बोलले?" तो म्हणाला, "कळवतील." जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही गच्चीत आकाशकंदिलाची वायर बांधत होतो तेव्हा त्याने मला सांगितलं. वायरीवर चिकटपट्टी गुंडाळत, कुणा तिसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी तसं.

सुरुवात चांगली झाली होती. उड्डाण चांगलं झालं. यंत्रावरून एकदा उतरला, तेही ठीक. मग परीक्षक कॅप्टन म्हणाले, आता व्हिज्युअल, उजवीकडून. धावपट्टी उजव्या खिडकीत होती. उजवीकडे खरी, मोठी, हातभर अंतरावरची खिडकी. दादाचा अंगठा वळला आणि त्याने टोपी ढकलली.

तिथे टोपी नसते. मोठ्या विमानाच्या दांड्यावर नेमक्या त्याच जागी, अंगठ्याखाली, दुसरंच बटण असतं. त्याने विमानाचं नाक वर-खाली होतं. दादा ते दाबून समोरच्या काचेकडे बघत बसला, आता उजवीकडचं दिसेल म्हणून. काही दिसेना, म्हणून त्याने आणखी जोरात दाबलं. नाक खाली जायला लागलं. तो दोन्ही हातांनी दांडा ओढत होता आणि अंगठा काढत नव्हता. मान वळवायची असते हेच त्याला आठवेना.

"कॅप्टन चांगला माणूस होता गं," दादा म्हणाला. "ओरडला नाही. फक्त म्हणाला, बेटा, गर्दन है ना? घुमाओ." मग त्याने चिकटपट्टी दाताने तोडली.

मी वायरीचं दुसरं टोक कठड्याला बांधत राहिले. ज्या खुर्चीत बसून मी रोज संध्याकाळी उंची वाचली, ज्या टेबलाला त्याने दोरी बांधली, ज्या टोपीला आईने कुंकू लावलं, त्या सगळ्याने मिळून त्याची मान बांधून टाकली होती. सराव केला नसता तर तो पास झाला असता का? मला अजूनही हा प्रश्न पडतो आणि अजूनही मी संतापते. कुणावर संतापू? चाचांवर? एका पडद्यावर? आळशीपणाने नापास झालेली पोरं मी रोज बघते, त्यांना चार शब्द सुनावता येतात. मेहनतीनेच पाडलेल्या माणसाला काय सुनावणार. नशिबाला शिव्या द्याव्यात तर नशीब ऐकत नाही, म्हणून मी त्या दिवशी लाईट गेल्यावर वायरमनला शिव्या दिल्या.

दादाची बडबड थांबली. तो पुन्हा दोन वाक्यांवर आला, मग एकावर. दाढी वाढली. रशीदचाचा दारात येऊन उभे राहिले, "बेटा, एकाच दरवाज्यावर दुनिया संपत नाही," म्हणाले. दादाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन झोपला. चाचा ते पाणी अर्धंच प्याले. जाताना ते मला हळूच म्हणाले, "लक्ष ठेव, बेटी." बाहेरच्या माणसालाही दिसायला लागलं होतं.

मग आईने एक गोष्ट केली. दिवाळीचा रंग काढायच्या नावाखाली तिने सुताराला बोलावलं आणि दादाच्या खोलीच्या, न्हाणीघराच्या, संडासाच्या दाराच्या आतल्या कड्या काढून घेतल्या. "दाराला रंग द्यायचा हाय, कडीवर डाग पडतात," असं तिने मोठ्याने, दादाला ऐकू जाईल असं सांगितलं. सुतार म्हणाला, "अहो मावशी, कडी ठेवूनही रंग देता येतो." आई म्हणाली, "तू तुजं काम कर." दादा ओसरीवर बसून सगळं बघत होता. त्याने उठून सुताराला स्क्रूड्रायव्हर दिला. रंग दिला गेला, निळा. कड्या परत लागल्या नाहीत. घरात येणारी-जाणारी माणसं न्हाणीघरात गेली की आतून खाकरत राहायची. आजही त्या दारांना कड्या नाहीत. नवीन माणसाला मी आधीच सांगते, गाणं म्हणा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. आई बाजारात गेली होती, माझी पाळी होती. मी ओट्यावर भाजणी चाळत बसले होते. दादाच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता आणि त्याखाली आणखी एक आवाज, ओळखीचा, इंजिनाचा. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, लावला बाई कॉम्प्युटर. मग इंजिनाचा आवाज चढला, चढला आणि धाडकन थांबला. थोडा वेळ शांतता. पुन्हा सुरू. चढला. थांबला. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी चाळणी ठेवली आणि दार ढकललं.

पडद्यावर मुंबई होती. त्या खेळातली मुंबई म्हणजे काय, दोनचार इमारती, एक धावपट्टी आणि बाकी हिरवे-तपकिरी चौकोन. विमान खाडीवरून पूर्वेला चाललं होतं. मी माझ्या खुर्चीत बसले. "कुठे निघालास?"

"पनवेल," तो म्हणाला.

"पनवेल आहे त्यात?"

"नाही. पण जागा तर असेलच ना. ही खाडी संपते. इथे वडाळे तलाव. त्याच्या मागे आपण." तो बोटाने दाखवत होता. तिथे तलाव नव्हता, काही नव्हतं, नुसता चौकोन. मग त्याने नाक खाली केलं. सरळ. वेग वाढायला लागला. मला तेव्हा कळलं की तो दुपारपासून काय करत होता. आमचं घर जिथे असायला हवं, तिथे तो विमान नेऊन आदळत होता. पुन्हा पुन्हा. ज्या माणसाने एवढ्या दिवसांत एकदाही चाक वाकडं टेकवलं नव्हतं.

मला ओरडायचं होतं. तोंडातून आकडे निघाले. सवयच ती. "दोन हजार. दीड हजार." त्याचा हात हलला नाही. "हजार." चेहरा अगदी शांत होता, पुलावरच्या कठड्याशी असाच असेल. "सातशे. दादा. पाचशे."

कॉकपिटमध्ये एक नियम असतो. दोघांपैकी कुणालाही, अगदी धाकट्यातल्या धाकट्यालाही, वाटलं की हे बरोबर चाललेलं नाही, की त्याने दोन शब्द म्हणायचे, आणि दुसऱ्याने का, कशाला, तू कोण सांगणारी, काही न विचारता विमान वर न्यायचं. वाद नंतर, जमिनीवर. मी ते दोन शब्द म्हणाले. किंचाळले नाही. ट्यूशनच्या आवाजात म्हणाले, "गो अराउंड."

त्याला कळायच्या आत त्याचा हात हलला. डाव्या हाताने इंजिन पूर्ण उघडलं, उजव्याने नाक वर. हिरवे चौकोन अंगावर आले, अगदी अंगावर आले, आणि खालून सरकून गेले. विमान वर चढायला लागलं. समोर निळं, रिकामं.

मग मी रडले. मोठ्याने, लाज सोडून, भाजणीच्या हातांनी तोंड झाकून. "असं करू नको रे," एवढंच म्हणत होते. "नाही तू पायलट, नको होऊस. खड्ड्यात गेलं ते. तू असायला हवास." कधी न बोललेलं सगळं एका दमात बाहेर पडलं, पूल, कड्या, आईचं कीर्तन, सगळं. दादाही रडत होता. पण जॉयस्टिक सोडता येईना, सोडली असती तर विमान पडलं असतं. डोळे शर्टाच्या खांद्याला पुसत तो ते सरळ धरून बसला होता. किती वेळ कोण जाणे. मग लाईट गेली. यूपीएस तेव्हा मेलेलाच होता. पडदा बंद झाला आणि दादाने हात सोडला.

आई आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. तिने माझ्या तोंडावरचं पीठ बघितलं, दादाचे डोळे बघितले. पिशवी खाली ठेवली. पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "नित्या, जरा येऊन सोऱ्या फिरव. माजा हात भरून येतो." दादा उठला. त्या वर्षीच्या चकल्या त्याने पाडल्या, सगळ्या वाकड्या, एकीलाही शेवट नाही. आम्ही त्या पाडव्यापर्यंत खाल्ल्या.

दादा बरा झाला असं मी म्हणणार नाही. ते एका दुपारात होत नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मामाच्या शेतावर राहून भात झोडपणं झालं. परवान्याची मुदत त्याने संपू दिली. जॉयस्टिक चाचांना परत नेऊन दिली, चाचा म्हणाले ठेव, तो म्हणाला नको. आता तो न्हाव्याशेव्याला एका माल पाठवणाऱ्या ऑफिसात आहे, कामोठ्याला राहतो, बायको आहे, एक मुलगी आहे जी माझ्याच क्लासला येते आणि गणितात ढ आहे. गेल्या रविवारी उलव्याचा स्फोट झाला तेव्हा तो इथेच होता. कपबश्या किणकिणल्या. वहिनी म्हणाली, "विमानतळ झाला की गच्चीतून बघायला मिळतील ना विमानं?" दादाने तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "मिळतील." आणि आमटी मागितली. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. तो ताटाच्या कडेला स्वस्थ होता.

लोक म्हणतात, काळ जातो तसं माणूस विसरतं. दादा विसरला असेल. मी नाही विसरले, मला ते जमत नाही. पाऊस जाऊन प्रबळगड कठड्याशी आला की माझा जीव थोडा थोडा होतो. अशा स्वच्छ हवेत माणसं पुलावर जाऊन उभी राहतात, असं माझ्या मनाने एकदा घेतलंय ते घेतलंय. म्हणून रोज संध्याकाळी, शेवटची बॅच सुटली की मी दादाला फोन लावते. बाराही महिने. सांगण्यासारखं काही नसतं. कधी कांद्याचा भाव विचारते, कधी मुलीच्या पाढ्यांबद्दल तक्रार करते, आणि कधी तेवढंही सुचत नाही. का केलास असं त्याने आजवर विचारलेलं नाही, आणि मीही कधी सांगितलेलं नाही. लोक फोन उचलला की हॅलो म्हणतात. दादा म्हणतो, "आहे गं."

मी बरं म्हणते, फोन ठेवते आणि भात टाकते.